डब्लिनमधला एकटा वाचक

२० ऑगस्ट २०१२ रोजी म्यानमारमधली छपाईपूर्व तपासणी बंद झाली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं, म्हणजे १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावल्यापासून, या देशात काहीही छापायचं तर आधी सरकारला दाखवावं लागे. बातम्या, कथा, कविता, गाण्यांचे शब्द, सगळं 'छाननी आणि नोंदणी' खात्याकडे जायचं आणि तिथे कोणीतरी ओळन् ओळ वाचायचं. या खात्याचे शेवटचे प्रमुख टिन्ट स्वे यांनी वर्षभर आधीच, असलं खातं लोकशाहीत बसत नाही, ते बंद व्हायला हवं, असं जाहीरपणे सांगितलं होतं. खातेप्रमुखानेच आपलं खातं नको म्हणावं, हे तसं दुर्मीळच.

सेन्सॉर गेला त्याच सुमारास टेलिफोन आला. दोन हजारच्या दशकात म्यानमारमध्ये एका सिमकार्डाला हजार-दीड हजार डॉलर मोजावे लागत. मोबाइल ही लष्करी अधिकारी आणि बडे व्यापारी यांचीच चैन होती. २०१४ च्या उत्तरार्धात कतारची ऊरेडू आणि नॉर्वेची टेलिनॉर या कंपन्या बाजारात उतरल्या आणि तेच कार्ड १५०० क्याटला, म्हणजे साधारण दीड डॉलरला मिळू लागलं. दोन-तीन वर्षांत देश थेट स्मार्टफोनवर गेला. मधले टप्पे, म्हणजे घरचा फोन, सायबर कॅफे, ईमेल, बहुतेकांच्या वाट्याला आलेच नाहीत. दुकानदार फोन विकतानाच त्यात फेसबुक घालून द्यायचा, खातंही स्वतःच उघडून द्यायचा. बातमी तिथे, बाजारभाव तिथे, मंत्र्यांची निवेदनं तिथे. इंटरनेट आणि फेसबुक हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. २०१६ च्या जूनमध्ये सरकारी दूरसंचार कंपनीच्या साथीने फेसबुकने तिथे 'फ्री बेसिक्स' ही मोजक्याच साइट फुकट दाखवणारी योजनाही सुरू केली. भारताने त्याच वर्षी फेब्रुवारीत ज्या योजनेला नकार दिला होता, तीच ही.

द्वेष फेसबुकने आणला, असं मात्र म्हणता येणार नाही. तो तिथे होताच, आणि जुना होता. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता; १९३१ च्या जनगणनेत रंगून शहरातली अर्ध्याहून अधिक वस्ती हिंदुस्थानी निघाली होती. गोदीतले हमाल, सावकार, कारकून, पोलीस, सगळे बाहेरचे. तो राग १९३८ च्या जुलैत फुटला. एका मुसलमान लेखकाच्या काही वर्षांपूर्वीच्या पुस्तकात बुद्धाची निंदा आहे, असं निमित्त झालं. बर्मी वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. २६ जुलैला श्वेडगोन पॅगोडाच्या आवारात सभा भरली, सभेतून निघालेला जमाव सुरती बाजाराकडे गेला आणि मग दंगल गावोगाव पसरली. दोनशेच्या आसपास माणसं मेली. न्यायमूर्ती ब्राँड यांच्या समितीने नंतर चौकशी केली, तेव्हा इतर कारणांबरोबर वर्तमानपत्रांच्या बेजबाबदारपणावरही बोट ठेवलं. तेव्हा भडकवणारा मजकूर कुठल्या छापखान्यातून निघाला, संपादक कोण, हे तरी शोधता येत होतं.

पुढे लष्करी राजवटीने या रागाला कायद्याचं रूप दिलं. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने अराकान म्हणजे रखाईन प्रांतातल्या रोहिंग्या मुसलमानांना व्यवहारात परकं ठरवलं. 'रोहिंग्या' हे नावही सरकारला मंजूर नव्हतं. सरकारच्या लेखी ते 'बंगाली', सीमेपलीकडून घुसलेले. लोकांच्या मनात हेच मुरलं होतं. फक्त ते एका वेळी लाखो लोकांपुढे ओरडून सांगायची सोय तोवर सरकारखेरीज कोणाकडे नव्हती.

ती सोय ज्याने सर्वांत आधी ओळखली, तो मंडालेतल्या मासोयेन विहारातला भिक्खू अशिन विराथू. मुसलमानांविरुद्ध चिथावणी दिल्याबद्दल २००३ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये राजकीय कैद्यांसाठी जाहीर झालेल्या माफीत तो सुटला. त्याच माफीत ने फोन लाट हा तरुण ब्लॉगलेखकही सुटला. लष्करावर टीका करणाऱ्यांना आणि दंगल पेटवणाऱ्याला एकाच दिंडी दरवाजाने बाहेर सोडण्यात आलं. विराथू '९६९' चळवळीचा चेहरा झाला: बौद्धांच्या दुकानांवर ९६९ चे स्टिकर लावायचे, मुसलमानांच्या दुकानांत पाऊल टाकायचं नाही. त्याची प्रवचनं डीव्हीडीवर फिरत, मग फेसबुकवर. २०१३ च्या मार्चमध्ये मेइक्तिला गावात सोनाराच्या दुकानातल्या भांडणावरून दंगल पेटली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली.

त्याचं स्वतःचं शहर पेटलं ते २०१४ च्या जुलैमध्ये. चहाचं दुकान चालवणाऱ्या दोघा मुसलमान भावांनी बौद्ध मोलकरणीवर बलात्कार केला, अशी एक पोस्ट विराथूने १ जुलैला नावानिशी पसरवली. रात्री दुकानासमोर जमाव जमला. दोन दिवसांत दोन माणसं मेली, एक मुसलमान आणि एक बौद्ध. आरोप खोटा होता, हे पुढे कोर्टात ठरलं. राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या कार्यालयाला त्या दिवसांत फेसबुकशी बोलायचं होतं, पण बोलायचं कोणाशी? कंपनीचं देशात कार्यालय नाही, माणूस नाही. शेवटी डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या यांगूनमधल्या एका अधिकाऱ्याला गळ घातली गेली आणि तो रात्री अमेरिकेत फोन लावत बसला. काही जमेना, तेव्हा सरकारने मंडालेपुरतं फेसबुकच बंद पाडलं. दंगल ओसरली. फेसबुक बंद झाल्यावर मात्र कंपनीकडून विचारणा यायला वेळ लागला नाही.

मंडालेचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. तिथून पदच्युत केलेला थिबा राजा रत्नागिरीत वारला आणि लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ तिथल्या तुरुंगात होते. टिळकांवरचा तो खटला या गोष्टीशी अगदीच असंबद्ध नाही. त्यांना झालेली शिक्षा फक्त राजद्रोहाची नव्हती. समाजातल्या वर्गांत वैर वाढवण्याचं कलम १५३ अ हेही लावलेलं होतं. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःची बाजू मांडली, आणि त्यातला मोठा भाग सरकारी भाषांतरावर होता. 'केसरी'तले मराठी लेख मराठी न जाणणाऱ्या ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतरातून आले आणि त्या भाषांतरात शब्दांचा नूर बदलला, हा त्यांचा मुद्दा. सात गोऱ्यांनी दोषी ठरवलं, दोघा पारशांनी नाही. ज्याला भाषा येत नाही त्याने मजकुराचा निवाडा केला की निरपराध अडकू शकतो. मंडालेनेच शंभर वर्षांनी दाखवलं की दोषी सुटूही शकतो.

कारण २०१४ मध्ये फेसबुककडे अख्ख्या म्यानमारचा मजकूर तपासायला बर्मी वाचता येणारा एकच माणूस होता, आणि तो डब्लिनमध्ये कंत्राटावर बसत होता. २०१५ च्या सुरुवातीला दोघे झाले, वर्षअखेर चार. तेव्हा देशात फेसबुक वापरणारे ७३ लाख होते. २०१८ मध्ये पत्रकारांनी हे आकडे बाहेर काढले. जुन्या सेन्सॉर खात्यात एका साप्ताहिकाच्या वाट्याला यापेक्षा जास्त वाचक येत असावेत.

यंत्राचाही उपयोग नव्हता, आणि त्याचं कारण मराठीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपी केलेल्या कोणालाही लगेच कळेल. आपल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेलं दुसऱ्या फाँटमध्ये उघडलं की अगम्य चिन्हं दिसत. युनिकोड आलं आणि आपण त्यातून सुटलो. म्यानमार सुटला नव्हता. तिथे बहुतेक फोनवर 'झॉजी' नावाचा फाँट होता. दिसायला बर्मी, पण आतली सांकेतिक रचना युनिकोडला न जुळणारी. सरकारने युनिकोड स्वीकारायची तारीख ठरवली ती १ ऑक्टोबर २०१९. या गोंधळात संगणकाला बर्मी मजकूर धड वाचताही येत नव्हता, मग त्यातली शिवी ओळखणं दूरच. फेसबुकचं भाषांतराचं बटण काय करत होतं, ते रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१८ च्या ऑगस्टमध्ये दाखवलं: म्यानमारमध्ये दिसेल त्या मुसलमानाला ठार करा, एकही जिवंत ठेवू नका, अशा अर्थाच्या एका पोस्टचं इंग्रजी भाषांतर इंद्रधनुष्याविषयी काहीतरी झालं होतं. ही बातमी आल्यावर ते बटण काढण्यात आलं.

कंपनीला कोणी सांगितलं नव्हतं, असं नाही. २०१३ च्या अखेरीपासून पत्रकार, संशोधक, यांगूनमधले कार्यकर्ते सांगत होते. मे २०१५ मध्ये डेव्हिड मॅडन कॅलिफोर्नियात कंपनीच्या मुख्यालयात गेले. यांगूनमध्ये 'फंडियार' नावाचं तंत्रज्ञान केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. रवांडात १९९४ च्या कत्तलीआधी आणि कत्तलीत रेडिओने जे केलं, ते म्यानमारमध्ये फेसबुक करील, असं त्यांनी तिथल्या लोकांना तोंडावर सांगितलं. काही कर्मचाऱ्यांनी ऐकलं, काही व्हिडिओवरून सामील झाले. पुढे विशेष काही घडलं नाही.

काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जे झालं त्यात एक भाबडेपणा होता. ने फोन लाटने २०१४ मध्ये 'पान्झागार' नावाची मोहीम काढली, म्हणजे फुलासारखं बोलणं. तोंडात फूल धरलेले फोटो लोक टाकू लागले. फेसबुकला कल्पना आवडली आणि कंपनीने त्याची स्टिकरं बनवून दिली. द्वेषाच्या पोस्टखाली चिकटवायची, शांतपणे निषेध नोंदवायचा. पण एखाद्या पोस्टखाली हालचाल वाढली की ती आणखी लोकांना दाखवायची, असा फेसबुकच्या यंत्रणेचा शिरस्ता. हालचाल रागाची की निषेधाची, याच्याशी तिला देणंघेणं नाही. कार्यकर्त्यांच्या ध्यानात आलं की फुलं वाहिलेली विषारी पोस्ट जास्तच लांब जाते.

दुसरा उपाय २०१७ च्या मे महिन्यातला. 'कलार' हा शब्द भारतीय उपखंडातल्या वंशाच्या लोकांसाठी, विशेषतः मुसलमानांसाठी, शिवीसारखा वापरला जात होता. कंपनीने तो शब्दच बंद केला. अडचण अशी की बर्मीत खुर्ची म्हणजे 'कलाठाइन' आणि हरभऱ्याची डाळ म्हणजे 'कलापे'. दोन्ही वस्तू कधीकाळी बाहेरून आल्या म्हणून. डाळीची पाककृती लिहिणाऱ्यांची खाती गोठली, आणि या शब्दाचा वापर थांबवा असं लिहिणाऱ्यांचीही. शिव्या देणाऱ्यांनी अक्षरं थोडी इकडेतिकडे केली आणि आपलं काम चालू ठेवलं. एक साधा बर्मी माणूस टेबलाशी असता तर दोन सेकंदांत सांगितलं असतं की ही आमटी आहे.

मग २५ ऑगस्ट २०१७ उजाडला. 'आर्सा' या रोहिंग्या सशस्त्र गटाने रखाईनमधल्या तीसेक पोलीस चौक्यांवर हल्ले केले. लष्कराने उत्तरादाखल गावंच्या गावं जाळली. पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आली. पहिल्याच महिन्यात किमान ६७०० माणसं हिंसाचारात मारली गेली, असा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चा अंदाज आहे. सरसेनापती मिन आँग ह्लाइंग यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की 'बंगाली' प्रश्न हे अपुरं राहिलेलं काम आहे. त्याच महिन्यात फेसबुकने एका संघटनेला धोकादायक ठरवून आपल्या व्यासपीठावरून हाकललं. ती आर्सा होती. सरसेनापतींचं पान आणखी जवळजवळ वर्षभर चालू राहिलं. हा निर्णय घेणाऱ्यांच्या मनात काय होतं, देव जाणे. हिशेब इतका एकतर्फी होता की त्याला निव्वळ अनवधान म्हणायला माझी जीभ धजत नाही.

त्या सप्टेंबरात मेसेंजरवर दोन साखळी-संदेश फिरत होते. बौद्धांना सांगितलं जात होतं की ११ तारखेला मुसलमान जिहाद करणार आहेत; मुसलमानांना सांगितलं जात होतं की त्याच दिवशी बौद्ध जमाव चालून येणार आहेत. देशभर घबराट उडाली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये मार्क झकरबर्ग एका मुलाखतीत म्हणाले की आमच्या यंत्रणांनी हे संदेश ओळखले आणि रोखले. तीन दिवसांनी म्यानमारमधल्या सहा संस्थांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं: ती तुमची यंत्रणा नव्हे, आम्ही होतो. संदेश आम्हाला सापडले, आम्ही ते तुमच्या लोकांना ईमेलने कळवले, आणि तुमच्यापर्यंत ते पोहोचायला चार दिवसांहून अधिक गेले. झकरबर्ग यांनी उत्तर पाठवून माफी मागितली. पुढच्याच आठवड्यात ते अमेरिकन सिनेटपुढे होते. सिनेटर पॅट्रिक लीही यांनी म्यानमारचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की द्वेषाचं बोलणं भाषेनुसार बदलतं, स्थानिक भाषा येणाऱ्या माणसांशिवाय ते पकडणं कठीण, म्हणून आम्ही आणखी डझनावारी बर्मी तपासनीस नेमतो आहोत. २०१७ सालचा कंपनीचा नफा जवळजवळ १६ अब्ज डॉलर होता.

२०१८ च्या मार्चमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मान यांनी समाजमाध्यमांची या प्रकरणातली भूमिका निर्णायक होती असं म्हटलं होतं, आणि खास प्रतिनिधी यांगही ली यांनी फेसबुकचं आता श्वापद झालं आहे अशी भीती बोलून दाखवली होती. २७ ऑगस्ट २०१८ रोजी मंडळाचा अहवाल आला. सरसेनापतींसह बड्या लष्करी अधिकाऱ्यांची वंशसंहाराच्या आरोपावरून चौकशी व्हावी, असं त्यात होतं. त्याच दिवशी फेसबुकने १८ खाती आणि ५२ पानं उडवली. मिन आँग ह्लाइंग त्यात होते, लष्कराची म्यावडी दूरचित्रवाहिनीही. या पानांच्या मागे सुमारे १ कोटी २० लाख लोक होते. कुठल्याही देशाच्या सेनाप्रमुखाला फेसबुकने असं बाहेर काढायची ही पहिलीच वेळ. विराथूचं पान त्याच वर्षीच्या सुरुवातीला कायमचं बंद झालं होतं, मंडालेच्या दंगलीनंतर साडेतीन वर्षांनी.

खरी कथा ऑक्टोबरात उलगडली. न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं की लष्कराने काही वर्षांपूर्वीपासून सातशेपर्यंत माणसं फेसबुकवरच्या अपप्रचाराच्या कामाला लावली होती. त्यांनी गायकांच्या, अभिनेत्यांच्या, सौंदर्यस्पर्धेतल्या मुलींच्या नावाने पानं उघडली, लाखो चाहते जमवले आणि मग त्याच पानांवरून अफवा आणि प्रेतांचे फोटो सोडले. भलतीकडचे फोटो 'मुसलमानांची करणी' म्हणून खपवायचे, ही त्यांची हातोटी. लष्कराच्या जनसंपर्क आणि मानसशास्त्रीय युद्ध विभागाने त्या जुलैत एक पुस्तकच छापलं. त्यात १९७१ मध्ये ढाक्यात मारल्या गेलेल्या बंगाल्यांचा फोटो 'बंगाल्यांनी मारलेले बौद्ध' म्हणून होता, आणि रवांडातल्या निर्वासितांचा १९९६ चा रंगीत फोटो काळा-पांढरा करून ब्रिटिश काळातले घुसखोर म्हणून. रॉयटर्सने मूळ फोटो शोधून काढल्यावर लष्कराने दिलगिरी व्यक्त केली. पन्नास वर्षं दुसऱ्यांचं लिखाण खोडणाऱ्यांना खोट्या नावाने लिहिणं अवघड गेलं नाही. ते स्वतः सेन्सॉर होते. ज्या व्यासपीठावर तपासायला कोणी बसलेलं नाही त्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार?

नोव्हेंबर २०१८ मध्ये फेसबुकने स्वतःच नेमलेल्या सल्लागारांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आपण पुरेसं केलं नाही, हे मान्य केलं. तोवर बर्मी वाचणारे ९९ जण कामावर होते. तीन महिन्यांत द्वेषाच्या सुमारे ६४ हजार पोस्टवर कारवाई झाली. त्यातल्या ६३ टक्के कोणी तक्रार करण्याआधीच सापडल्या होत्या. वर्षभरापूर्वी हे प्रमाण १३ टक्के होतं. म्हणजे काम अशक्य नव्हतं. माणसं नेमली, फाँटचा गुंता सोडवायला घेतला, आणि वर्षभरात फरक पडला. फक्त ते वर्ष २०१४ असायला हवं होतं.

उडवलेल्या मजकुराचं पुढे काय, हा वाद कोर्टात गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा दाखल केला, आणि पुराव्यासाठी त्या बंद खात्यांची माहिती अमेरिकेतल्या कोर्टामार्फत मागितली. फेसबुकने खासगीपणाचा मुद्दा काढून विरोध केला. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश झिया फारुकी यांनी कंपनीला खासगीपणाचा पुळका येण्यातल्या विरोधाभासावर ताशेरे मारत माहिती द्यायचा हुकूम दिला. वरच्या कोर्टाने त्यातला काही भाग डिसेंबरात रद्द केला. त्याच महिन्यात रोहिंग्या निर्वासितांनी कॅलिफोर्नियात कंपनीवर १५० अब्ज डॉलरचा दावा लावला.

दरम्यान १ फेब्रुवारी २०२१ ला मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता हाती घेतली होती आणि चारच दिवसांत त्यांनी देशात फेसबुक बंद पाडलं. फेसबुकने त्या महिनाअखेरीस अख्ख्या लष्करालाच बंदी घातली. विराथू पुन्हा तुरुंगात होता. आँग सान सू ची यांच्या सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल त्याच्यावर राजद्रोहाचा खटला होता. जनरलांनी त्याला सोडलं आणि जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय किताब दिला.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तपास यंत्रणेला मात्र फेसबुककडून काही साठा मिळाला. तिने मार्च २०२४ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. वरवर राजकारणाशी संबंध नसलेली, बरीचशी चित्रपट-संगीताला वाहिलेली ४३ पानं तिने तपासली. २०१७ च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत त्यांवर द्वेषाच्या १०,४८५ पोस्ट आल्या होत्या. पानांचे चालक एकमेकांत गुंतलेले होते, आणि अनेक पोस्ट लष्कर वापरत असलेल्या इंटरनेट पत्त्यांवरूनच निघाल्या होत्या.